श्वासपटलाची हालचाल एक्स-रेवर कशी तपासावी

छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाची (छाती व पोट यांच्यामधल्या, श्वास घेण्याच्या स्नायूची) एक बाजू वर सरकलेली दिसते, तेव्हा ती फ्रेनिक नसेच्या (श्वासपटल हलवणाऱ्या मज्जातंतूच्या) दुखापतीमुळे लुळी पडली आहे की पोटातून वर रेटली गेली आहे, हे स्थिर चित्रावरून ठरवता येत नाही. त्यासाठी फ्लुरोस्कोपीखाली, म्हणजे क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात, हालचाल पाहावी लागते.

किरण सुरू करण्यापूर्वीच रुग्णाकडून सराव करून घ्यावा. तोंड मिटून नाकाने झटकन हवा ओढायची, हे नुसते सांगून भागत नाही. स्वतः करून दाखवावे, कारण बहुतेक रुग्ण सावकाश दीर्घ श्वास घेतात आणि त्यात लुळेपणा लपून जातो. माझ्या मते संपूर्ण तपासणीत या सरावाला सर्वाधिक महत्त्व आहे, कारण त्यामुळे निदानही पक्के होते आणि किरणांचा वेळही वाचतो. स्त्री रुग्णाला गरोदरपणाविषयी अवश्य विचारावे.

रुग्णाला उभे करून श्वासपटलाच्या दोन्ही बाजू एकाच चौकटीत घ्याव्यात, किरण सलग न सोडता पल्स पद्धतीने, म्हणजे थांबून थांबून, सोडावेत, आणि क्रमाने साधा श्वास, दीर्घ श्वास व शेवटी नाकाचा झटका पाहावा. निरोगी माणसात झटक्यासरशी दोन्ही बाजू खाली जातात. लुळी बाजू मात्र छातीतील ऋण दाबाने ओढली जाऊन उलट वर सरकते. अशी किंचित उलट हालचाल काही निरोगी व्यक्तींतही आढळते, म्हणून त्या बाजूचे संपूर्ण पटल 2 सेंटिमीटरांहून अधिक वर गेले तरच तिला महत्त्व द्यावे. रुग्णाला उभ्यानेच बाजूने दिसेल असे वळवून पटलाचा मागचा भागही पाहावा. पुढचाच एखादा भाग शिथिल असेल, तर तो येथे वेगळा ओळखू येतो.

जपानमध्ये विकसित झालेल्या डायनॅमिक डिजिटल रेडिओग्राफीत सेकंदाला साधारण 15 चित्रे घेतली जातात आणि पटल किती व किती वेगाने सरकले, हे संगणकावर मोजता येते.

दोन्ही बाजू लुळ्या असतील, तर मात्र फसगत होते. असा रुग्ण उच्छ्वासाच्या वेळी पोटाचे स्नायू आवळून पटल वर ढकलतो आणि श्वास घेताना ते सैल सोडतो, त्यामुळे पटल आपसूक खाली येऊन हालचाल नैसर्गिक भासते. झोपल्यावर दम लागतो अशी तक्रार असल्यास फ्लुरोस्कोपीवर विसंबू नये. स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांतील हवा मोजण्याची चाचणी) बसून व उताणे झोपून करावी, आणि झोपल्यावर फुप्फुसांची धारणक्षमता (पूर्ण श्वास घेऊन बाहेर सोडता येणारी हवा) 30 टक्के किंवा अधिक घटली, तर दोन्ही बाजूंच्या लुळेपणाचा संशय धरून पुढील तपासण्या कराव्यात.