एनएमसी ६२२ चा प्रिकर्सर: दाणा साक्यातच घडवा

एनएमसी ६२२ म्हणजे लिथियम-आयन बॅटरीच्या कॅथोडचा (धन ध्रुवाचा) पदार्थ, निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट ६:२:२ प्रमाणात असलेला. ही कॅथोडची पूड मनासारखी उतरली नाही की बहुतेक जण आधी भट्टीचं तापमान तपासतात. मी आधी प्रिकर्सर, म्हणजे लिथियम मिसळण्याआधीचं या तीन धातूंचं हायड्रॉक्साइड, बघायला मागते. भट्टीत लिथियम दाण्यात शिरतं, पण दाण्याचा गोलपणा आणि निकेल, मँगनीज, कोबाल्टची एकजीव मिसळण साका (द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ) पाडतानाच ठरते.

धातूंचं २ मोलर द्रावण १ लिटर करायचं तर निकेल सल्फेट हेक्साहायड्रेट ३१५.४ ग्रॅम, मँगनीज सल्फेट मोनोहायड्रेट ६७.६ ग्रॅम आणि कोबाल्ट सल्फेट हेप्टाहायड्रेट ११२.४ ग्रॅम. बाटलीत ठेवलेल्या क्षारांमधलं स्फटिकजल कमीजास्त होतं. म्हणून तिन्ही द्रावणं वेगळी करून ईडीटीए टायट्रेशननं (धातूचं नेमकं प्रमाण मोजायची रासायनिक चाचणी) तपासा, मगच एकत्र करा. निकेल-कोबाल्टच्या क्षारांची धूळ कर्करोगकारक आहे. वजन करताना मास्क, हातमोजे आणि फ्यूमहूड हवाच.

एवढ्या धातूंना ४ मोलर कॉस्टिक सोड्याचं साधारण १ लिटर द्रावण लागतं. सोबत अमोनिया. नुसता सोडा ओतला तर सगळं एकदम जेलीसारखं बसतं. अमोनिया निकेल आणि कोबाल्टला धरून ठेवतो, हळूहळू सोडतो, आणि त्या सावकाशीमुळेच दाणा वाढतो. अमोनिया जास्त झाला तर निकेल खाली बसतच नाही. नमुना काढून निवळू द्या: वरचं पाणी निळं दिसलं तर ६:२:२ हे प्रमाण हातचं गेलंच म्हणून समजा.

रिॲक्टरमधलं पाणी आधी नायट्रोजन सोडून हवामुक्त करा, ५० ते ६० अंश सेल्सियसवर ठेवा आणि नायट्रोजन शेवटपर्यंत चालू राहू द्या. मँगनीज हायड्रॉक्साइडला हवा लागली की ते तपकिरी पडतं. ढवळणी जोरात हवी, पण भोवरा पडून हवा आत ओढली जाऊ नये. भिंतीला बॅफल (भोवरा मोडणाऱ्या उभ्या पट्ट्या) लावा. द्रावणांच्या नळ्या पृष्ठभागाच्या खाली, पात्याजवळ सोडा.

आता पीएच, कारण सगळं काम इथेच तरतं किंवा बुडतं. ६२२ साठी मी ११ च्या आसपास राहते. पीएच चढला की नवे बारीक कण जन्मतात, उतरला की असलेले कण वाढतात. फार उतरला तर धातू द्रावणातच राहतात. म्हणून सुरुवात जरा वरच्या पीएचला करून मग थोडं खाली येते. ठरवलेला आकडा ०.१ नंसुद्धा हलू देऊ नका. इलेक्ट्रोड प्रयोगाच्या तापमानालाच कॅलिब्रेट करा. थंड बफरवर जुळवलेला इलेक्ट्रोड गरम, क्षारीय द्रावणात भलताच आकडा दाखवतो. अधूनमधून थेंबभर साका सूक्ष्मदर्शकाखाली बघा. कडा गोल, आकार १० मायक्रॉनच्या जवळ, भोवती भुगा नाही, असं दिसेपर्यंत घाई नको.

गाळल्यावर पहिली धुणी सौम्य सोड्यानं, पुढच्या गरम डीआयोनाइज्ड पाण्यानं. गाळलेलं पाणी हायड्रोक्लोरिक आम्लानं आम्लधर्मी करून त्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाका (तेही विषारी आहे, जपून). पांढरं गढूळ झालं तर सल्फेट उरलंय, परत धुवा. मग ११० अंशांना वाळवा.

६२२ ला लिथियम कार्बोनेट चालतं. ८११ ला (धातू ८:१:१ प्रमाणात) मात्र लिथियम हायड्रॉक्साइडच घ्या, कारण ते कमी तापमानाला वितळतं. भट्टीत लिथियम उडतं, म्हणून ३ ते ५ टक्के जादा घ्या. हा हिशेब प्रिकर्सरच्या हायड्रॉक्साइड सूत्रावरून मांडू नका. ओलावा आणि थोडं ऑक्सिडीकरण वजन फिरवतं. प्रत्यक्ष मोजलेल्या धातूंच्या मोलवरूनच लिथियम तोला.