इंदूरचा काळा दगड ओळखायचा कसा: आजीच्या पाट्यापासून नर्मदेपर्यंत

रामबागेतल्या आमच्या घरी, मागच्या अंगणात आजीचा पाटा भिंतीला टेकून उभा आहे. मिक्सर आल्यापासून त्याला कुणी टाकी लावून घेतलेली नाही. त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं एक भोक आहे आणि त्यात पांढरा कण घट्ट बसलाय. लहानपणी मला ते वाटलेलं खोबरं वाटायचं. ते भोक म्हणजे लाव्हारसातल्या वायूचा बुडबुडा आणि तो कण म्हणजे पुढे पाण्याने तिथे साचवलेलं खनिज, हे कळलं तेव्हापासून मला दगडांचं वेड लागलं.

दगड शिकायचे म्हणून बरेच जण आधी पन्नास नावं पाठ करतात. मला तो रस्ता पटत नाही. एकच दगड पुरता ओळखा, बाकीचे त्याच्याशी ताडून पाहा. इंदूरमध्ये राहणाऱ्याने बेसाल्टपासून, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडापासून सुरुवात करावी. तो आपल्या पायाखालीच आहे.

१. घरातलं सामान गोळा करा

भिंग, दोऱ्याला बांधलेलं चुंबक (जुन्या स्पीकरमधलं चांगलं असतं), चाकू, काचेचा तुकडा, व्हिनेगर किंवा लिंबू, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मापाचा पेला. एवढ्यावर काम भागतं.

दगड शेतातून, विहिरीच्या खोदकामातून किंवा घराच्या पायासाठी काढलेल्या ढिगातून घ्या, अर्थात मालकाला विचारून. जुन्या छत्र्या (समाध्यांवरच्या घुमटीच्या वास्तू), घाट, मंदिरं यांचा टवकाही काढू नका.

२. ताजा भाग उघडा

उन्हापावसात पडलेला दगड वरून तांबूस-तपकिरी दिसतो, कारण त्यातल्या लोहाला गंज चढलेला असतो. त्या रंगावरून दगड ओळखायला गेलात तर हमखास चुकाल. दगड गोणपाटात गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि हातोडीचा एक ठोका द्या. आतून काळपट-राखाडी, बारीक कणांचा पृष्ठभाग दिसेल. तो उन्हात धरून भिंगातून हळूहळू फिरवा. मधूनच काडीसारखं काहीतरी चमकेल. ते प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार नावाचं फिकट खनिज. भोवतालचा गडद भाग बराचसा पायरॉक्सीन या दुसऱ्या खनिजाचा.

कण इतके बारीक का? लाव्हा जमिनीवर येऊन झटपट थिजला, स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर सावकाश निवतो, म्हणून त्याचे कण नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात.

३. चार परीक्षा घ्या

चुंबक दोऱ्याने लोंबकळत ठेवा आणि दगड हळूच जवळ न्या. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात, त्यामुळे चुंबक किंचित दगडाकडे झुकतं. मुलांना ही परीक्षा सगळ्यात आवडते.

मग वजन. दगड तोला, काठोकाठ भरलेल्या भांड्यात सोडा आणि सांडलेलं पाणी मोजा. समजा दगड ५८० ग्रॅमचा आहे आणि पाणी २०० मिलिलिटर सांडलं, तर घनता २.९. बेसाल्टची घनता याच्याच आसपास असते. ग्रॅनाइटची २.७ च्या जवळ, म्हणून तेवढ्याच आकाराचा बेसाल्ट हाताला जड लागतो.

तिसरी परीक्षा कठीणपणाची. फ्रेडरिक मोह्स यांनी १८१२ मध्ये खनिजांची १ ते १० अशी उतरंड लावली: तळाला शंखजिरं, माथ्यावर हिरा. आपलं नख साधारण अडीचवर येतं, चाकू आणि काच साडेपाचच्या आसपास. दगडातल्या पांढऱ्या कणावर चाकूचं टोक फिरवा. सहज ओरखडा उठला तर बहुधा कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज (उतरंडीवर ३). चाकूला दाद न देता उलट काचेवरच रेघ उमटली तर ती गारगोटीच्या जातीची, म्हणजे क्वार्ट्झ (७).

चौथी परीक्षा आंबटाची. त्याच कणावर व्हिनेगरचा थेंब टाका. कॅल्साइट असेल तर बारीक बुडबुडे येतील. दिसले नाहीत तर कण थोडा खरवडून पुन्हा टाका. आमच्या पाट्यातला कण फसफसला.

४. घरातल्याच फरश्यांशी ताडून पाहा

इंदूरमध्ये घरोघर कोटा असतो. त्यावर लिंबू सांडलं की चकाकी जाऊन डाग पडतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कारण तेच कॅल्साइट, कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, पाण्याखाली थर साचून तयार झालेला. देवघरातला संगमरवरही आंबटाने खराब होतो, कारण तोही मुळात चुनखडीच, जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेली. म्हणजे पाटा अग्निजन्य, फरशी गाळाची, देवघर रूपांतरित. खडकांचे तिन्ही प्रकार एका छपराखाली सापडले. परीक्षा मात्र फुटक्या तुकड्यावर घ्या, फरशीवर नको.

५. पातालपाणीला जाऊन थर वाचा

महूच्या पुढे पातालपाणीचा धबधबा आहे. पावसाळा ओसरल्यावर जा आणि कठड्यामागूनच पाहा. इथे पाणी अचानक वाढून माणसं वाहून गेलेली आहेत.

आधी पाण्याकडे पाहू नका, शेजारच्या कड्याकडे पाहा. कडा एकसंध नसतो, एकावर एक थर असतात. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक लोट. लोटाचा मधला भाग घट्ट आणि कठीण, माथ्याकडचा भाग भोकाभोकांचा, कारण बुडबुडे वर चढता चढता तिथेच अडकले. दोन लोटांच्या मध्ये कुठे विटकरी पट्टा दिसला तर थांबा. एक लोट थंड होऊन त्याची वरची कातडी झिजून माती होईपर्यंत दुसरा आलेला नव्हता, असं तो पट्टा सांगतो. अशा पायऱ्यांवरूनच या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात, स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ जिना.

हे लोट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. झीज होऊनही आज त्यांनी ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन व्यापली आहे. माळव्याची काळी माती याच दगडाची झीज. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ म्हणून आपण तिचं कौतुक करतो. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, म्हणून इथे घराचा पाया घालताना गवंडी इतकी काळजी घेतात.

६. कागद सरकवून भूपट्ट समजून घ्या

एवढा लाव्हा आला कुठून? टेबलावर कागद ठेवा. स्केचपेन एका जागी स्थिर धरून, दुसऱ्या हाताने कागद आपल्यापासून दूर सरकवत दर थोड्या वेळाने टोक टेकवा. पहिला ठिपका सगळ्यात लांब गेलेला दिसेल. पेन म्हणजे हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखालचा तप्त ठिपका, म्हणजे खोलातून तप्त रस वर येण्याची जागा. कागद म्हणजे उत्तरेकडे निघालेला भारतीय भूपट्ट, म्हणजे ज्यावर भारत आहे तो पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा. पहिला मोठा ठिपका दख्खनचा, त्यानंतर लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी समुद्रातली रांग. रियुनियनचा ज्वालामुखी अजून जागा आहे. इंदूरची जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

आपला भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर सरकतो. शाळकरी मुलाची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडत असाल, तर दोन वाढदिवसांच्या खुणांमध्ये साधारण तेवढंच अंतर पडतं.

पुढच्या सुट्टीत घाट उतरून महेश्वरला जा. माळव्यापासून निमाडपर्यंत जमीन सुमारे ४०० मीटर खाली जाते. विंध्य आणि सातपुड्याच्या मधल्या, खचून तयार झालेल्या पट्ट्यातून नर्मदा पश्चिमेकडे वाहते. या पट्ट्यातल्या जुन्या भेगा पुरत्या शांत नाहीत. २२ मे १९९७ चा जबलपूरचा ५.८ तीव्रतेचा भूकंप याच पट्ट्यातला. नदीकाठच्या गोट्यांवर आधीच्याच चार परीक्षा घ्या आणि वही सोबत ठेवा. जागा न लिहिलेला दगड नंतर काही सांगत नाही. माझ्या वहीतलं पहिलं पान असं आहे:

‘क्र. १. आजीचा पाटा. ताजा भाग नाही, फोडणार नाही. चुंबक झुकलं. कडेच्या भोकात कॅल्साइट. खाण: विचारायचं राहून गेलं.’