बंदीसेवेला निघण्याआधी

आमच्या ख्रिस्ती मंडळीतली तरुण पोरं-पोरी बंदीसेवेत, म्हणजे तुरुंगातल्या माणसांना भेटायच्या कामात, येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, आत गेल्यावर गाणी कोणती म्हणायची?" गाणी कोणतीही म्हणा. आमची मंडळी दर्यापूर तालुक्यातली, रविवारच्या उपासनेला चाळीसेक माणसं. त्यातले आम्ही तिघं महिन्यातून एकदा अमरावतीच्या मध्यवर्ती कारागृहात जातो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी मी सुरुवात केली. तेव्हा मलाही वाटायचं की काम भिंतीच्या आत आहे.

आत जाण्याचं आधी सांगते. अधीक्षकांच्या नावानं मंडळीच्या लेटरहेडवर अर्ज, सोबत येणाऱ्यांची नावं, आधारच्या प्रती. परवानगी मिळेपर्यंत धीर धरा, ओळखीनं आत शिरू नका. मोबाईल, पाकीट बाहेर ठेवायचं. कोणाची चिठ्ठी आत न्यायची नाही, बाहेरही आणायची नाही. मायच्या नावाची दोन ओळींची असली तरी नाही. "काय केलं होतं तू?" हे विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. आणि धर्म बदलायला आलो आहोत असं आपल्या वागण्यातून कुठेही दिसू नये. समोर बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे सतत लक्षात असू द्या. बायबलात मत्तयाच्या 25 व्या अध्यायात प्रभू येशू बंदिशाळेतल्या माणसाकडे येण्याबद्दल बोलतो. तेवढंच करायचं, त्याच्याकडे जायचं आणि ऐकायचं.

ऐकायला लागलं की कळतं, बहुतेकांचं दुःख कागदाचं असतं. आत जास्त संख्या कच्च्या कैद्यांची, म्हणजे खटला चालू, शिक्षा अजून लागलेली नाही. त्यातल्या कित्येकांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार नसतो. जामीनदाराकडे सातबारा मागतात, आणि आपल्या भागात सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा. सख्खा भाऊसुद्धा म्हणतो, "वावर अडकलं तं मी काय खाऊ?" त्याला दोष देऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023 रोजी याबद्दल निर्देश दिले आहेत. जामीन होऊन 7 दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिनाभरात जामीनदार उभा करता आला नाही तर न्यायालय अट सैल करण्याचा विचार करू शकतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 सुद्धा वाचून ठेवा. आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय, सोडायचं आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, एकापेक्षा जास्त खटले अंगावर असतील तरी नाही. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. 15100 हा विधी सेवा प्राधिकरणाचा, कायदेशीर मदतीचा फोन क्रमांक त्याच्या घरच्यांना पाठ करून द्या. आमच्यातल्या एका पोरानं दोन वर्षांत एकही प्रवचन दिलं नाही, फक्त तारखा आणि कागद यांची वही ठेवली. आमच्या गटात सर्वांत मोठी सेवा त्याची झाली असं मी मानते.

घरच्यांकडे जायला विसरू नका. बाप आत गेला की लेकराची शाळा सुटते, बायको कापूस वेचणीला जाते. आईवडील तुरुंगात असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला 2250 रुपये. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करायचा. अमरावतीतच "वऱ्हाड" ही संस्था कैदी आणि त्यांच्या कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी काम करते. कॅथलिक चर्चची प्रिझन मिनिस्ट्री इंडिया 1981 पासून या सेवेत आहे. सगळं आपणच करायला हवं असा हट्ट धरू नका, विचारायला जा.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात एकाच्या हातून शेजारचा माणूस मेला. सात वर्षं शिक्षा भोगून तो सुटला. आत असताना तो आमच्या प्रार्थनेत बसायचा, रडायचा, वाचायला शिकला होता. त्या दिवशी आम्ही गाडी करून त्याला गावी आणलं, हार घातला, अंगणात प्रार्थना ठेवली, डफ-टाळ घेऊन गाणी म्हटली. मेलेल्या माणसाचं घर त्याच गल्लीत, चार घरं सोडून.

दुसऱ्या दिवशी त्याची विधवा माझ्याकडे आली. ओट्यावरही बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "बाई, त्याले हार घातला तुमी. सात वर्सांत माह्या घरी कोनी आलं काय?"

कोणीच गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तिचा मुलगा माझ्या शाळेत होता, तरी नाही.

त्यानंतर आम्ही क्रम बदलला. सुटकेची तारीख कळली की आधी फिर्यादीच्या घरी जातो, मंडळीतली एखादी बाई आणि एखादा वडील. बायबल पिशवीतच राहतं. "माफ करा" हा शब्द आम्ही काढत नाही. तो मागायचा आम्हाला अधिकार नाही. फक्त सांगतो, अमुक दिवशी तो सुटतो आहे, तुम्हाला अचानक रस्त्यात दिसू नये म्हणून आलो. काय वाटतं ते विचारतो. कोणी शिव्या देतात, त्या ऐकून घेतो. मग पोलीस पाटलांशी आणि सरपंचांशी बोलतो. गावात तणाव असेल तर सुटलेल्याला पहिले काही महिने दुसऱ्या गावी मंडळीतल्या कोणाच्या तरी घरी ठेवतो, तिथेच वेचणीचं किंवा तूर सोंगायचं काम बघतो. पहिल्याच आठवड्यात हाताला मजुरी लागली पाहिजे. सुटका कधीकधी संध्याकाळी होते आणि शेवटची एसटी निघून गेलेली असते, म्हणून दारावर आपला माणूस हवाच. त्याच्या खिशात भाड्याचे पैसे असतीलच असं धरून चालू नका.

बायबलात प्रेषित पौलानं बंदिवासातून फिलेमोनाला त्याच्या अनेसिम या दासाबद्दल लिहिलं, की त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. पूर्वी मी हे पत्र सुटलेल्या माणसाच्या बाजूनं वाचायचे. आता घेणेकऱ्याच्या बाजूनं वाचते. देणं आहे, हे पौल नाकारत नाही.

त्या विधवेकडे मी अजूनही जाते. तिच्या मुलाच्या आयटीआयच्या अर्जावर आम्ही दोघी एका दुपारी बसलो होतो. त्या माणसाचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही.

पुढच्या महिन्यात अंजनगावकडचा एक जण सुटतो आहे. येत्या शनिवारी फिर्यादीच्या घरी पाळकसाहेबांच्या पत्नी आणि मी जाणार आहोत. ज्या नव्या मुलीला शिकायचं असेल तिनं सोबत यावं, सकाळी सातच्या गाडीला. दार उघडलं नाही तर परत येऊ, आणि वेचणी आटोपली की पुन्हा जाऊ.