मेलला चाळणी लावायची, पण आधी चाळून बघायची

ब्राउझर आणि ईमेलच्या ‘पन्नास भन्नाट युक्त्या’ सांगणाऱ्या याद्यांचा मला आता वीट आलाय. पंचेचाळीस युक्त्या संध्याकाळपर्यंत विसरायला होतात आणि उरलेल्या पाचांतली एक हमखास घात करते. मला रोजच्या कामाला चार गोष्टी पुरतात. त्यांतल्या तीन चहा निवायच्या आत जमतील. राहिलेली एक म्हणजे मेलचे फिल्टर, म्हणजे ठरावीक मेल आपोआप बाजूला काढणारे नियम. ते मी दोनदा चुकवलेत, दोन्ही वेळा चांगलं महागात पडलंय, त्यामुळे बरंचसं त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

१. ब्राउझरच्या कळा

चुकून बंद झालेला टॅब परत आणायला कंट्रोल-शिफ्ट-टी. पत्त्याच्या पट्टीवर जायला कंट्रोल-एल. लिंक मागच्या मागे नव्या टॅबमध्ये उघडायला कंट्रोल दाबून क्लिक. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. उघड्या टॅबांच्या गर्दीत एखादा सापडत नसेल, तर क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा. फायरफॉक्समध्ये पट्टीत टक्क्याचं चिन्ह, मग स्पेस आणि टॅबच्या नावातला एखादा शब्द टाका. झालं.

२. नकोच असलेली मेल बंद करा

जी मेल कधीच वाचणार नाही, तिच्यासाठी फिल्टर कशाला? ती यायचीच थांबवा. २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय देणं सक्तीचं केलंय. जीमेलच्या हिशेबात घाऊक म्हणजे दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल्स, आणि नाव दोन दिवसांत काढलं गेलं पाहिजे. म्हणून पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः ‘अनसबस्क्राइब’ दाखवतं, ते दाबा. उघड उघड भुरट्यांची मेल असेल तर मात्र तिच्यातल्या कुठल्याही लिंकला हात लावू नका, सरळ स्पॅम म्हणा. लिंक दाबलीत की या पत्त्यावर माणूस बसलाय, हे तुम्हीच त्यांना कळवता.

३. फिल्टर

फिल्टर कुठे असतात हे सांगण्यात वेळ घालवत नाही. जीमेलमध्ये शोधपट्टीच्या उजव्या टोकाला, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये ‘मेसेज फिल्टर्स’, आउटलुकमध्ये ‘रूल्स’. खरी गोम अट काय घालायची, यात आहे.

सगळीकडे मिळणारा सल्ला असा: ज्या मेलच्या मजकुरात ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द आहे ती जाहिरात समजा आणि बाहेर काढा. ऐकायला फार हुशारीचा वाटतो. मीही तो ऐकला, वर शहाणपणा करून ‘डिलीट’वर खूण केली. दोन आठवडे इनबॉक्स असा लख्ख, की मी चारचौघांत मिरवलं. मग एका मैत्रिणीचा जरा घुश्श्यातच फोन आला. तिने मला एका कार्यशाळेची मेल फॉरवर्ड केली होती आणि वर दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘नोंदणी उद्या बंद होतेय. तुझं नाव घालू का?’ फॉरवर्ड केलेल्या मेलच्या शेपटीला तो शब्द होताच. तिची मेल मला कचऱ्यात सापडली, तेविसाव्या दिवशी. आणखी आठवडाभर उशीर केला असता तर तीही दिसली नसती, कारण जीमेल कचरा ३० दिवसांनी कायमचा पुसतं. शेजारीच दोन पावत्या आणि एका विम्याची आठवण पडलेली होती. त्यांच्याही तळाशी तोच शब्द.

तेव्हा मजकुरातल्या शब्दावर फिल्टर लावू नका. शब्द कुणाच्याही मेलमध्ये येऊ शकतो. मेल आली कुठून, यावर लावा.

इथे माझी दुसरी चूक. पहिल्या धड्यानंतर मी एका कंपनीच्या पत्त्यातला ‘अ‍ॅट’च्या पुढचा सगळा भाग अटीत घातला, म्हणजे तिथून येणारं काहीही इनबॉक्स टाळून थेट लेबलखाली (लेबल म्हणजे जीमेलमधला फोल्डरसारखा कप्पा). जाहिराती गेल्या. काही दिवसांनी त्याच कंपनीच्या खात्यात शिरताना ओटीपी मागितला गेला, तो काही येईना. मी ‘पुन्हा पाठवा’ दाबलं. पुन्हा दाबलं. चार वेळा. चारही ओटीपी वेळेवर येऊन त्या लेबलखाली गुपचूप रांगेत बसले होते आणि मी स्पॅम उपसत होतो. तर, एकाच कंपनीची जाहिरात एका पत्त्यावरून येते आणि पावती, ओटीपी दुसऱ्यावरून. अटीत जाहिरातीचा पूर्ण पत्ता घाला, अ‍ॅटच्या आधीच्या भागासकट.

नियतकालिकं आणि गटांच्या मेल्सचं गणित थोडं वेगळं. तिथे पाठवणारा बदलत राहतो, पण यादीची ओळख सहसा तीच राहते. जीमेलमध्ये ‘टू मी’शेजारचा इवलासा बाण दाबा. ‘मेलिंग लिस्ट’ अशी ओळ दिसली तर तीच तुमची अट. मेलच्या तीन ठिपक्यांमधलं ‘फिल्टर मेसेजेस लाइक दीज’ निवडलं तर ती आपोआप भरली जाते.

अट लिहून झाली की बहुतेकांचा हात थेट ‘क्रिएट फिल्टर’वर जातो. थांबा. आधी शेजारचं ‘सर्च’ दाबा. आजवर आलेल्या कुठल्या मेल्स या जाळ्यात अडकल्या असत्या, ते समोर येतं. निदान दोन पानं डोळ्यांखालून घाला, आणि नुसतं चाळू नका. जी मेल चुकली तर आपण अडचणीत येऊ अशी एखादी त्यात आहे का, ते शोधा. असेल तर तिच्यातला खास शब्द ‘डझन्ट हॅव’च्या चौकटीत टाका आणि पुन्हा सर्च करा. यादी निर्धोक झाली की मगच फिल्टर करा. या दोन मिनिटांनी माझे दोन्ही घोटाळे टळले असते.

पुढच्या पानावर काय व्हायला हवं ते विचारतात. पहिला महिनाभर फक्त लेबल लावा, मेल इनबॉक्समध्येच येऊ द्या. चुकीच्या मेलवर लेबल दिसलं की अट दुरुस्त करा. महिना सुरळीत गेला तर ‘स्किप द इनबॉक्स’वर खूण करा. मेल त्यानेही पुसली जात नाही, ‘ऑल मेल’मध्ये असतेच. ‘मार्क अ‍ॅज रीड’ सोबत जोडू नका. लेबल ठळक दिसेनासं होतं आणि तिकडे काही आलंय हेच कळत नाही. आणि डिलीट? कधीच नाही. जागेची काळजी असेल तर जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मिळतात, आणि मेलमधली जागा खातात ती अटॅचमेंट्स, चार ओळींची जाहिरात नाही. शोधपट्टीत इंग्रजीत ‘लार्जर’, अपूर्णविराम आणि १०एम असं सलग टाइप करा. दहा एमबीच्या वरचे सगळे हत्ती रांगेत उभे राहतील.

प्रोग्राम बदलला की नियमही थोडे बदलतात. थंडरबर्डमध्ये फिल्टर वरून खाली क्रमाने चालतात, त्यामुळे अपवादाचा फिल्टर सर्वांत वर ठेवून तिथेच पुढचं काम थांबवता येतं. जीमेलला असा क्रम नाही. मेलला जेवढे फिल्टर लागू पडतील तेवढे सगळे चालतात, म्हणून अपवाद त्याच फिल्टरच्या आत लिहावा लागतो. शिवाय थंडरबर्डचे फिल्टर थंडरबर्ड चालू असेल तेव्हाच काम करतात. लॅपटॉप बंद करून बाहेर पडलात की फोनवर सगळा कचरा जसाच्या तसा दिसतो. फोनवरही मेल बघत असाल तर फिल्टर मेल देणाऱ्याच्या वेबसाइटवर, म्हणजे सर्व्हरवरच लावा.

४. पत्त्याच्या पट्टीतून मेल शोधा

लेबलांखाली गेलेलं शोधायला जीमेल उघडून बसायची गरज नाही. जीमेलमध्ये कुठलाही एक शब्द शोधा आणि वरच्या पट्टीतला पत्ता कॉपी करा. पत्त्यात जिथे तो शब्द आहे तिथे टक्क्याचं चिन्ह आणि इंग्रजी लहान एस घाला. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट सर्च’खाली हा पत्ता जोडा आणि शॉर्टकट म्हणून एखादं अक्षर द्या. फायरफॉक्समध्ये त्याच पत्त्याचा बुकमार्क करून त्याच्या ‘कीवर्ड’मध्ये अक्षर टाका. मग कंट्रोल-एल, ते अक्षर, स्पेस, शब्द, एंटर. उत्तर हजर.

शोध भलत्याच खात्यात जात असेल तर पत्त्यात ‘यू’ या अक्षरानंतरचा आकडा बघा. पहिल्या लॉगिन केलेल्या खात्याला शून्य, दुसऱ्याला एक. लॉगिनचा क्रम बदलला की हे आकडेही बदलतात, म्हणून ऑफिसचं आणि घरचं खातं मी ब्राउझरच्या दोन वेगळ्या प्रोफाइलमध्येच ठेवतो.