रस्त्यावरून घरी आणलेला कुत्रा गुरगुरतो? या चुका टाळा

रस्त्यावरून किंवा शेल्टरमधून आणलेला कुत्रा पहिल्या आठवड्यात अगदी शहाण्यासारखा कोपऱ्यात बसून राहतो. घरच्यांना वाटतं, किती गुणी आहे! बऱ्याचदा तो गुणी नसतो, भीतीने गोठलेला असतो. काही आठवड्यांनी जीव जरा मोकळा झाला की गुरगुरणं, चपला फाडणं, पाहुण्यांवर धावून जाणं सुरू होतं. ‘हा बिघडला’ म्हणून पुष्कळ कुत्री परत जातात ती याच टप्प्यावर, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. खरं तर तो आता कुठे बोलायला लागलेला असतो.

आधी डॉक्टर, मग ट्रेनर

हात लावताच चावणाऱ्या कुत्र्याचा कान सडलेला असू शकतो, जुनं हाड दुखत असू शकतं, दात किडलेला असू शकतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही कुत्रा मलूल आणि चिडचिडा होतो. तपासणीआधी शिकवणी सुरू करू नका.

गुरगुरलं म्हणून मारू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कुत्रा एकदम चावत नाही. आधी तो मान वळवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, अंग ताठ करतो, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसू लागतं. हे कुणी पाहिलं नाही, तर गुरगुरतो. गुरगुरण्यावर फटका मिळाला की भीती तशीच राहते, फक्त इशारा बंद होतो. मग एक दिवस तो ‘काही कारण नसताना’ चावतो.

जेवताना गुरगुरणाऱ्याच्या भांड्यात ‘मालक कोण’ हे दाखवायला हात घालणं, हा याच चुकीचा भाऊ. रस्त्यावर त्याचा घास कुणीतरी हिसकावलेलाच असतो, तुम्ही तेच परत करून दाखवता. त्याऐवजी तो ताठ होणार नाही इतक्या अंतरावरून जा, उकडलेल्या चिकनचा तुकडा भांड्याकडे टाका आणि निघून जा. अंतर दिवसेंदिवस कमी करा. तुम्ही जवळ आलात की काहीतरी चांगलं मिळतं, हे त्याला पटलं पाहिजे. घरात लहान मूल असेल तर कुत्र्याचं जेवण दार लावूनच.

कळपात एक ‘अल्फा’ म्हणजे दादा असतो, म्हणून मालकाने कुत्र्याचा दादा व्हायचं, ही गोष्ट आता सोडून द्या. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकांनी बंदिस्त लांडग्यांवरून ती मांडली. जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं असतात, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

सवय व्हावी म्हणून ढोल ऐकवायला नेणं

पुण्यात गणपतीच्या आधी काही आठवडे नदीपात्रात संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. भित्र्या कुत्र्याला मुद्दाम तिथे उभं करू नका. पळायला जागा नसेल तर भीती मुरते, जात नाही. घरात ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावा, सोबत खाऊ द्या. तो आरामात असेल तरच पुढे आवाज थोडा वाढवा. तयारी मे-जूनमध्येच सुरू केलेली बरी.

विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्याही वर चालते. तेव्हा आतली खोली, बंद खिडक्या, पंखा किंवा टीव्ही, आणि फिरणं पहाटे. तो घाबरून तुमच्याजवळ आला तर खुशाल कुशीत घ्या, जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. फारच थरथरत असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. आपल्या मनाने झोपेची गोळी देऊ नका: काही औषधांनी अंग सुस्त होतं, पण भीती आत तशीच राहते. दिवाळीतही हेच. नव्या कुत्र्याला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा असे दोन पट्टे लावा, गळ्यात फोन नंबरची चकती असू द्या.

आठवडाभर मांडीवर, मग दिवसभर एकटा

सुट्टी काढून चोवीस तास सोबत राहायचं आणि सोमवारी हिंजवडीला ऑफिसात निघून जायचं, हे कुत्र्याला झेपत नाही. पहिल्या दिवसापासून दोन मिनिटं, पाच मिनिटं असं एकटं राहायला शिकवा. तो रडायला लागण्याआधीच परत या.

चावलाच, तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, कुत्रा घरचा असला तरी.

ट्रेनर निवडताना एकच प्रश्न विचारा: ‘कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता?’ उत्तरात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा काटेरी पट्टा आला, तर दुसरा ट्रेनर शोधा.