माझी ४० पौंडांची चूक आणि मेटल रायझर

तिरंदाजी सुरू केली तेव्हा वय चौतीस, पोट सुटलेलं, आणि डोक्यात एकच खूळ की साईट (नेम धरायचं यंत्र) नको, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारे दांडे) नको, नुसतं धनुष्य, बाण नि डोळा. राहतो साताऱ्याजवळ, त्यामुळे रेंजवर गेलं की सगळी दहा-बारा वर्षांची पोरं. सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकला रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) खेळून आला, अदिती स्वामीने २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंडचं (चाकं लावलेल्या धनुष्याचं) वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सोनं आणलं, मग आईबाप पोरांना आणून सोडणारच ना. त्यात मी एकटा काका, ज्याला बेअरबो, म्हणजे साईट-स्टॅबिलायझर नसलेलं धनुष्य, शिकायचंय. सरांनी वरपासून खालपर्यंत बघितलं नि एवढंच विचारलं, "नक्की ना?"

नक्कीच होतं, पण धनुष्य घेताना माती खाल्ली. ती कशी खाल्ली ते सांगतो म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

आधी तो नेहमीचा वाद. रायझर म्हणजे धनुष्याचा मधला, हातात धरायचा भाग. मेटल रायझर म्हणजे पारंपरिक कसलं, खरं धनुष्य लाकडाचं, असं म्हणणारे भेटतात. लाकडाचं धनुष्य हातात घ्यायला देखणं असतं, हलकं असतं, मी नाही म्हणत नाही. आणि एखाद्या स्पर्धेत पारंपरिक गटाला लाकडीच रायझर लागतो, तेव्हा खेळायचं असेल तर त्या स्पर्धेचे नियम आधी वाचा. पण साईट न लावता, बाणाच्या टोकावरून किंवा अंदाजाने मारायचं हे जर तुमचं पारंपरिक असेल तर रायझर अॅल्युमिनियमचा असला म्हणून काय बिघडलं, डोळा तुमचाच आहे. उलट शिकणाऱ्याला मेटल रायझर जास्त सोयीचा. तो जड असतो त्यामुळे सोडताना हात कमी हलतो, बाण जिथून जातो ती खिडकी मध्यरेषेच्या पलीकडेपर्यंत कापलेली असते त्यामुळे बाणाच्या जाडी-कडकपणात थोडं इकडेतिकडे झालं तरी प्लंजरने (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची खीळ) सांभाळून घेता येतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लिम्ब्स, रायझरला वर-खाली जोडायच्या वाकणाऱ्या पात्या, बदलता येतात.

माझी चूक नेमकी इथेच झाली. मला वाटलं मेटल रायझर म्हणजे मेटल रायझर, सगळे सारखेच. एका विक्रेत्याकडे गेलो, त्याने दंडाकडे बघून विचारलं जिम करता का, मी फुशारून हो म्हटलं, तो म्हणाला मग ४० पौंड ओढीचं घ्या, परत घ्यायला लागणार नाही. काळा, भारी दिसणारा रायझर, लिम्ब्स बोल्टने घट्ट आवळलेले. घरी आणला. पहिल्याच आठवड्यात दहाव्या बाणाला हात थरथरायला लागले, हनुवटीपर्यंत ओढायच्या आधीच सोडून द्यायचो, आणि तिसऱ्या आठवड्यात उजव्या खांद्याने असहकार पुकारला. दीड महिना बंद!

तेव्हा कळलं की लिम्बवरचा आकडा २८ इंच ड्रॉला, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, मोजलेला असतो. त्याच्या पुढे दर इंचाला साधारण दोन पौंड वाढतात, अलीकडे असाल तर तेवढेच कमी होतात. माझा ड्रॉ साडेएकोणतीस, म्हणजे ४० चे ४३ झालेले आणि मी बसलोय तंत्र शिकायला. बरं, आता हलके लिम्ब्स घेऊ म्हटलं तर त्या रायझरला दुसऱ्या कुठल्या कंपनीचे बसेनात, आणि त्याच कंपनीचे हलके मिळेनात.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: आयएलएफ आहे का? आयएलएफ म्हणजे लिम्ब बसवायची एक ठरलेली पद्धत. लिम्बच्या बुडाला यू आकाराची खाच असते ती बोल्टखाली सरकते, आणि एक छोटी पिन खोबणीत टक् करून बसते, पाना लागत नाही की काही नाही. कोरियन रायझरला इटालियन लिम्ब, अमेरिकन रायझरला कोरियन लिम्ब, काहीही चालतं. फक्त हॉइट कंपनीच्या जुन्या किंवा नव्या मालात फॉर्म्युला असं लिहिलेलं दिसलं तर थांबा, ती त्यांची वेगळी पद्धत आहे, आयएलएफ लिम्ब त्यात बसत नाही. सेकंडहँडमध्ये यात बरेच जण फसतात.

आयएलएफ घेतला की गणित सोपं होतं. रायझर एकदाच नीट घ्यायचा, लिम्ब्स मात्र स्वस्तातले आणि हलके. मोठ्या माणसाने २४ ते २८ च्या आसपास सुरुवात करावी, मग सहा-आठ महिन्यांनी चार पौंड वर. बोल्ट फिरवूनही साधारण दहा टक्के कमीजास्त करता येतं, पण कंपनीने सांगितलंय त्यापेक्षा जास्त बोल्ट बाहेर काढू नका. मी दुसऱ्या वेळी २६ चे घेतले. पार्सलवर लिम्ब्स असं वाचून आई म्हणाली, "लिंबं कसली ऑनलाइन मागवतोस, परड्यात झाडाला लागलीत की!"

आता लांबी. बेअरबोवाले बहुतेक २५ इंची रायझर वापरतात. त्याला शॉर्ट लिम्ब लावला की ६६ इंची धनुष्य, मीडियमला ६८, लाँगला ७०. ड्रॉ २७ च्या आत असेल तर ६६, २७ ते २९ ला ६८, त्यावर ७०, हा ढोबळ हिशोब. ड्रॉ माहीत नसेल तर दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा नि अडीचने भागा, जवळपास येतं, नक्की मात्र रेंजवर हलक्या धनुष्यावरच मोजून घ्या. लांब हाताच्या माणसाने आखूड धनुष्य घेतलं की शेवटच्या इंचाला ते एकदम दगड होतं आणि दोरी बोटांना चिमटते. आणि आखूड रायझर घेताना हे लक्षात ठेवा की तेच लिम्ब तिथे जास्त जड लागतात. लिम्बवर म्हणूनच दोन आकडे छापलेले असतात, ६८ ला ३४ आणि ६६ ला ३६ असे. पहिला २५ इंची रायझरचा, दुसरा २३ इंचीचा. १७, १९, २१ इंची मेटल रायझर पण मिळतात, हॉइटचा सॅटोरी त्यातलाच, पण ते शिकारी धाटणीचे, थेट शेल्फवरून, म्हणजे रायझरच्याच कापलेल्या कट्ट्यावर बाण ठेवून, मारणाऱ्यांसाठी.

शेल्फवरून की रेस्टवरून (बाण टेकवायचा वेगळा लावलेला आधार) हे आधी ठरवा, कारण रायझर त्यावर ठरतो. शेल्फवरून मारायचं तर शेल्फ गोलसर हवी आणि बाणाला खरी पिसंच हवीत, प्लास्टिकचे व्हेन शेल्फला आपटून बाण कुठेही जातो. स्ट्रिंग वॉकिंग करायचं असेल, म्हणजे बोटं दोरीवर खालीवर सरकवून अंतर साधायचं असेल, तर २५ किंवा २७ इंची रायझर, चिकटवायचा रेस्ट आणि प्लंजर. मी यातला. सुरुवातीला साधाच प्लंजर घेतला, अजून तोच आहे.

वजनाबद्दल थोडं. बेअरबोत स्टॅबिलायझर चालत नाही पण रायझरला खाली वजनं लावता येतात, त्यासाठी काही रायझरना खास जागा असते, इटलीच्या जिलोचे तसे आहेत. ही फ्रांजिल्ली कुटुंबाची कंपनी, त्यातल्याच मिकेले फ्रांजिल्लीने लंडन २०१२ ला शेवटच्या बाणाला दहा मारून इटलीला टीमचं सोनं मिळवून दिलं. वर्ल्ड आर्चरीच्या (तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या) नियमात दोरी उतरवलेलं धनुष्य वजनांसकट १२.२ सेंटीमीटरच्या रिंगमधून गेलं पाहिजे, त्यामुळे वाट्टेल तेवढा लोखंडाचा गोळा लावता येत नाही. पण पहिले सहा महिने वजन लावूच नका. नुसता रायझरच हजार-बाराशे ग्रॅम भरतो, डावा खांदा आधी त्याला सरावू दे.

स्वस्तातले रायझर साच्यात ओतलेले असतात, महागातले अखंड अॅल्युमिनियम कोरून. हलक्या लिम्ब्सना ओतीव बिनधास्त चालतो, जड लिम्ब्स लावायचे असतील तर कोरलेलाच घ्या. रंगावर पैसे घालू नका, ग्रिप मात्र हातात धरून बघा. आमच्याकडे डिसेंबरात सकाळी सहाला रायझर बर्फासारखा लागतो, मी ग्रिपला बॅडमिंटनची टेप गुंडाळलीय, सर हसतात, हसू देत.

सेकंडहँड घ्यायचा तर रायझर जुना चालेल, लिम्ब्स शक्यतो नवे. रायझरच्या लिम्ब पॉकेटपाशी बारीक चीर आहे का बघा, दोरी चढवून मागून बघा की ती दोन्ही लिम्ब्सच्या बरोबर मधून जाते का. जुने लिम्ब घेतलेच तर कडेवरून कापूस फिरवा, अडकला तर थर सुटायला लागलेत. आणि उन्हात उभ्या गाडीत कुणी लिम्ब ठेवले असतील तर नको, मे महिन्यातल्या आपल्या डिकीत काय होतं ते माहितीये.

डावा-उजवाही तपासा. दोन्ही हातांच्या तळव्यांची त्रिकोणी खिडकी करून लांबचा दिवा बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने दिवा खिडकीत राहतो तो तुमचा. उजवा असेल तर उजव्या हाताने ओढायचं, रायझर डाव्या हातात, विकत घेताना सांगायचं 'राइट हँड'. लिम्ब्सना डावं-उजवं नसतं.

आणि बजेट सगळं धनुष्यावर संपवू नका. टॅब (बोटांना लावायचं चामडं), आर्मगार्ड, बो स्क्वेअर (दोरीवर लावून मापं घ्यायची पट्टी), आणि दोरी चढवायचा स्ट्रिंगर लागतोच, पायात अडकवून दोरी चढवली की लिम्ब पिळला गेलाच म्हणून समजा. बाण पहिले सहा गवतात हरवणार, म्हणून बारा घ्या. घरी पाहुण्यांना दाखवायला बाणाशिवाय ओढून सोडू नका, माझ्या मेव्हण्याने सोडलं होतं. ते ४० चे लिम्ब तेव्हाच गेले.