काम चालू, रस्ता बंद: थीम पार्कला निघण्याआधी

राइड कुठल्या बंद आहेत ते सगळेच बघतात. मीही बघितलं होतं. रस्ते कुठले बंद आहेत ते बघितलं नाही, आणि दोन दिवसांच्या सहलीतला एक अख्खा दिवस बांधकामाभोवती लावलेल्या पत्र्यांच्या कडेकडेने चालण्यात गेला. पार्कचं नाव सांगत नाही, कुठल्याही पार्कात हे होऊ शकतं. यंदा नणंद तिच्या घरच्यांना घेऊन निघालीय. ‘वहिनी, तुझी यादी पाठव’ म्हणाली, म्हणून लिहायला बसले. टोप्या, चार्जर, औषधं, कागदपत्रं मी लिहिणार नाही, ती तुम्हाला कळतात. इथे फक्त बांधकामाचं.

कारण बांधकाम असणारच. आपलं पार्क कधीच पुरं होणार नाही, असं वॉल्ट डिस्ने कौतुकाने सांगायचा, आणि बाकीच्या पार्कांनी तोच कित्ता गिरवलाय. ‘सगळी कामं संपली की जाऊ’ म्हणाल तर बसा वाट बघत.

आधी तारखा. कमी गर्दीचे, स्वस्तातले आठवडे सापडले की आपण खूश होतो, पण पार्कवाले मोठ्या दुरुस्त्या नेमक्या त्याच आठवड्यांत काढतात. भर हंगामात मोठी राइड बंद ठेवणं त्यांना परवडत नाही. पाण्याच्या राइड तर थंडीत हमखास कोरड्या असतात, आणि त्या दिवसांत पार्क बंदही लवकर होतं. मला विचाराल तर मी गर्दीपेक्षा पत्रे पत्करीन. पण घरातलं मूल एकाच राइडसाठी वर्षभर दिवस मोजत असेल तर हा जुगार खेळू नका. दुसरा मोह म्हणजे नवी राइड उघडते त्याच आठवड्यात जाण्याचा. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कात हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडची मोटारबाइकवाली राइड १३ जून २०१९ ला उघडली, तेव्हा पहिल्याच दिवशी रांग दहा तासांवर गेली होती. नवी यंत्रं सुरुवातीला रुसतात. त्यांना काही महिने द्या.

मग बंदची यादी. पार्कच्या संकेतस्थळावर असते. तिकीट काढायच्या आधी बघा, कारण ‘कुठलीही राइड पूर्वसूचनेशिवाय बंद राहू शकते, पैसे परत मिळणार नाहीत’ हे वाक्य तिकिटाच्या अटींत जवळपास सगळीकडे असतं. नंतर भांडून उपयोग नसतो, मी भांडून बघितलंय. यादीत ‘दुरुस्तीसाठी बंद’ असं दिसलं की किती दिवस ते नीट वाचा. रंगरंगोटी दोन-तीन आठवड्यांत उरकते. पण फ्लोरिडातल्या डिस्नेची स्प्लॅश माउंटन ही पाण्याची राइड जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली ती टियाना या डिस्नेच्या राजकन्येच्या नावाने, नव्या रूपात जून २०२४ मध्ये उघडली. टोकियो डिस्नेलँडची स्पेस माउंटन राइड जुलै २०२४ अखेर बंद केली, तिच्या जागी नवी यायची आहे २०२७ मध्ये. ‘पुढच्या महिन्यात सुरू होईल बहुतेक’ असं स्वतःच ठरवून टाकू नका.

यादी वाचताना एक हिशेब राहून जातो. गाड्यांची माळ न थांबता फिरत राहते अशी मोठी राइड तासाला दोन हजारांच्या वर माणसं पोटात घेते. ती बंद झाली म्हणून ती माणसं हॉटेलवर जाऊन झोपत नाहीत. ती तुमच्या पुढे रांगेत उभी असतात. ‘आपल्याला ती राइड करायचीच नव्हती, मग काय फरक पडतो’ हे मी घरी छातीठोकपणे म्हणाले होते. पडतो फरक. प्रत्येक रांगेत पडतो.

आणि एक काम म्हणजे एकच गोष्ट बंद, असंही नसतं. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडने ३१ मे २०१९ ला स्टार वॉर्सचा नवा विभाग उघडला, पण त्याची किंमत पाहुणे जानेवारी २०१६ पासून मोजत होते. पार्कातल्या नदीचा मार्ग बदलायचा होता, म्हणून नदी बंद. नदी बंद म्हणून आगबोट बंद, बेट बंद, नदीवरचा रात्रीचा खेळ बंद. रूळ हलवायचे म्हणून पार्काला फेरी मारणारी आगगाडी बंद. हे सगळं २०१७ च्या जुलैत परत सुरू झालं. आणि फ्रंटियरलँड विभागातून मागच्या मागे फँटसीलँड विभागात जाणारी पायवाट, तीही बंद. बंदच्या यादीत आगबोट सापडते, आगगाडी सापडते. पायवाट शोधून बघा सापडते का.

तर रस्ते.

पुष्कळशी पार्कं बैलगाडीच्या चाकासारखी आखलेली असतात. डिस्नेलँडने १९५५ मध्ये हा नमुना घालून दिला आणि तो चालला. मधोमध चौक म्हणजे तुंबा, तिथून निघणारे रस्ते म्हणजे आरे, आणि सगळ्या विभागांना मागच्या बाजूने जोडणारी वाट म्हणजे धाव. धाव शाबूत असेल तर तुम्ही एका विभागातून सरळ शेजारच्या विभागात जाता. नवीन काहीतरी बांधायला जागा लागते ती बहुतेक वेळा मागच्या बाजूलाच, त्यामुळे पहिला घाव धावेवर बसतो. मग प्रत्येक विभाग म्हणजे एक बोळ. आत जा, परत चौकात या, पुढच्या बोळात जा. नकाशावर पार्क तेवढंच दिसतं, पायांना दुप्पट होतं. तुंब्यातच खोदकाम असेल तर विचारूच नका. ऑर्लँडोच्या एपकॉट या डिस्नेच्याच पार्काचा मधला भाग २०१९ पासून डिसेंबर २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने पत्र्यांआड होता आणि सगळी गर्दी उरलेल्या वाटांमधून जायची.

आमचं काय झालं ते सांगते. दुपारी दोनची वेळ, लेकीच्या लाडक्या राइडचा आरक्षित वेळ अडीचपर्यंत. सोबत सासूबाई, वय एकाहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. नकाशावर बोट ठेवून मी म्हटलं, ‘आई, ह्या कमानीतून वळलं की आलंच.’ वळलो. समोर पत्रे. म्हणजे छान रंगवलेले, त्यावर हसरी चित्रं, ‘लवकरच येत आहे’ वगैरे. दोन पत्र्यांच्या मध्ये चार बोटांची फट होती, तिला डोळा लावला तर पलीकडे ती राइड दिसत होती. वीसेक पावलांवर. गाडीत बसणाऱ्या मुलांच्या टोप्यांचे रंगसुद्धा दिसत होते. तिथल्या गणवेशातल्या पोराने हसून मागे हात दाखवला. मागे म्हणजे पुन्हा चौकात, चौकातून दुसऱ्या बोळात. चौकात पोचलो तर मिरवणूक सुरू झालेली, दोरी लावलेली, ओलांडता येईना. सासूबाई काही बोलल्या नाहीत. फुटपाथच्या कडेवर बसल्या, बूट काढले आणि पाय दाबत राहिल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. अडीच वाजून गेले. लेक त्या दिवशी फटीतून दिसलेल्या राइडवर खूश राहिली, असं मी फोनवर माहेरी सांगितलं. खोटं सांगितलं.

म्हणून सांगते, रस्ते बघा. कसे बघायचे? छापील नकाशावर विसंबू नका, तो चित्रासारखा असतो, त्यात झाडं हसतात पण पत्रे दिसत नाहीत. ॲपमध्ये चालत जायचा मार्ग दाखवायची सोय असेल तर दोन विभाग घेऊन मार्ग काढून बघा, चौकातून वळसा दाखवला की समजायचं. त्याहून भरवशाचं म्हणजे गेल्या आठ-दहा दिवसांत कुणी पार्कात फिरत काढलेला व्हिडिओ. राइड बघू नका, चालताना काय दिसतं ते बघा. कुठे पत्रे आहेत, कुठे वाट दोन माणसांपुरती झालीय, कुठे बाबागाड्या अडकल्यात. महिन्यापूर्वीचा व्हिडिओ नको, पत्रे आठवड्यात सरकतात. तरी शंका असेल तर पार्कला सरळ विचारा, पण मोघम विचारू नका. ‘बांधकाम चालू आहे का?’ असं विचारलंत तर ‘आपला अनुभव उत्तमच राहील’ असं गोड उत्तर येतं. ‘या विभागातून त्या विभागात मागच्या वाटेने जाता येतं का?’ असं विचारा. हो किंवा नाही, तिसरं उत्तरच नाही. सोबत वयस्क, बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची असेल तर हे दोनदा विचारा. आणि खुर्ची भाड्याने मिळते ती सकाळी फाटकावरच घ्या. ‘आई चालतात की’ म्हणू नका. आईंना लाज वाटते म्हणून त्या चालतात.

मार्ग कळले की दिवसाचा क्रम त्यावरून लावा. एका बोळात गेलात की तिथलं सगळं उरकूनच बाहेर या, मग भले एखादी रांग थोडी लांब असो. ‘सकाळी ही, दुपारी शेजारची, संध्याकाळी परत इकडे’ असले आखीव बेत रस्ते शाबूत असलेल्या पार्कासाठी असतात. आरक्षित वेळ घेताना दोन ठिकाणांच्या मध्ये नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त ठेवा.

हॉटेल पार्काच्या आवारातलं असेल तर तिथेही विचारा, पोहण्याचा तलाव चालू आहे ना आणि खोली बांधकामाच्या बाजूला नाही ना. ठोकाठोकीची बरीच कामं पार्क बंद झाल्यावर रात्री काढतात. पाहुण्यांना त्रास नको म्हणून. त्या वेळी पाहुणे खोलीत झोपलेले असतात हा भाग वेगळा.

पिशवीत काय? पाणी, जास्तीचं. पत्र्यांमागे काय काय जातं त्यात पिण्याच्या पाण्याचे नळ, बाकं आणि सावलीची झाडं असतात, आणि त्यांची नोंद कुठल्याच यादीत नसते. स्वच्छतागृहसुद्धा जातं, त्यामुळे लहान मूल असेल तर उघडं असलेलं जवळचं कुठलं ते आधीच हेरून ठेवा. १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं तेव्हा प्लंबरांच्या संपामुळे पाण्याचे नळ अपुरे होते आणि ओल्या डांबरात बायकांच्या टाचा रुतत होत्या. आता डांबर वाळलेलं असतं, पण तात्पुरत्या वाटेवर पत्रे, पाट्या, उंचसखल जोड येतातच. बूट बंद आणि वापरून मऊ झालेले. दमा असेल त्याला धुळीसाठी मास्क, पंपही वरच्याच कप्प्यात. आवाजाने बिथरणाऱ्या मुलांसाठी कान झाकायचे हेडफोन. ड्रिलचा आवाज सांगून सुरू होत नाही.

फोटो. मुख्य किल्ल्यासमोरचा घरच्यांचा फोटो हेच कुणाचं स्वप्न असेल तर किल्ला उघडा आहे का बघा. हाँगकाँग डिस्नेलँडचा किल्ला २०१८ मध्ये कामाला काढला तो नव्या रूपात नोव्हेंबर २०२० मध्ये दिसला. काही ठिकाणी परांचीवर किल्ल्याचंच चित्र छापलेलं कापड टाकतात. लांबून बरं दिसतं. डिस्नेवाले नको असलेल्या गोष्टींना एक मरगळलेला हिरवा रंग देतात, त्याचं नावच ‘गो अवे ग्रीन’. नजर घसरते त्यावरून, फोटोतसुद्धा फारसा खुपत नाही. पाय मात्र अडतात. रस्ते बघितलेत ना?

मुलांना आधी सांगा. ‘अमुक बंद आहे, आपण तमुक करू,’ घरीच, शांतपणे. फाटकाशी कळलं की रडारड होते. थोड्या मोठ्या मुलांना क्रेन दाखवा. माझ्या भाच्याला अख्ख्या पार्कात क्रेनच आवडली होती, त्याचे आईबाप मात्र कपाळाला हात लावून बसले.

जायच्या दिवशी: फाटक उघडायच्या आधी पोचा. आत शिरताना मदतकक्षात ‘आज कुठली वाट बंद आहे?’ एवढंच विचारा, काल उघडी असलेली वाट आज बंद असू शकते. सगळ्यात लांबच्या बोळापासून सुरुवात. मिरवणुकीची वेळ बघा, त्या अर्ध्या तासात चौक ओलांडायचा नाही. जेवण लवकर. एखादी राइड अधूनमधून गुपचूप सुरू करून चाचणी घेत असतात, पत्र्यांपाशी कर्मचारी घुटमळताना दिसले तर विचारायला काय जातं.

रात्रीच्या आतषबाजीनंतर सगळं पार्क एकाच अरुंद वाटेने बाहेर सोडतात. एकतर शेवटच्या दहा मिनिटांआधी उठा, नाहीतर अर्धा तास बाकावर बसून राहा, बाक शिल्लक असेल तर. ती वाट कुठून जाते ते सकाळी आत येतानाच बघून ठेवा.